नुसता मारतो

आमच्या दाजींना कसलंच व्यसन नव्हतं. श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यात नोकरी, दर रविवारी न चुकता चर्च, आणि घरी आले की ताईला मार. नव्वदच्या सुमारास ताई नगरला माहेरी निघून आली. घटस्फोटासाठी कोर्टात गेल्यावर कळलं, की आम्हा ख्रिस्ती लोकांचा कायदा इंग्रजांच्या वेळचाच आहे. नवऱ्यानं बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोनं मात्र छळ दाखवायचा आणि वर नवऱ्याची दुसरी बाईही दाखवायची. नुसता मार पुरत नाही.

"मग एखादी बाई उभी करा," आमचे वकील म्हणाले. बायबलवर हात ठेवून खोटं बोलणार नाही, असं वडिलांनी ठणकावलं. तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला होता. आता आठवलं की संताप येतो.

साक्षीला आम्ही आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना नेलं. ताईच्या अंगावरचे वळ त्यांनी पाहिले होते, तसं त्यांनी सांगितलं. मग दाजींच्या वकिलानं विचारलं, यांचं बाहेर कुठं काही आहे का?

"देवाला स्मरून सांगतो, त्या बाबतीत माणूस स्वच्छ आहे."

तेही खरंच होतं. आमच्याच साक्षीदारानं आमचा खटला बुडवला.

छळ झाला, असं न्यायाधीशांनी मान्य केलं. हा कायदा बाईला माणूस म्हणून जगू देत नाही, तो बदलावा असं संसदेला कळवावं, असंही निकालात लिहिलं. आणि अर्ज फेटाळला. दिल्लीला कधी कळलं कोण जाणे, दाजींना तिथल्या तिथं कळलं. "चल, गाडीत बस," ते ताईला म्हणाले. लग्न मोडलेलं नाही तर पोरगी नवऱ्याकडेच राहणार, म्हणून वडिलांनीच तिची पिशवी जीपमध्ये ठेवली.

काही वर्षांनी मुंबईच्या हायकोर्टानं दुसऱ्या बाईची ती अट रद्द केली. संसद अजून गप्पच होती. पाळकसाहेबांनी रविवारी ही बातमी सगळ्यांसमोर सांगितली. ताई त्या दिवशी नगरला आलेली, माझ्या शेजारी बसली होती.

"काय म्हनले गं?" तिनं विचारलं. परत नांदायला गेल्यावर पहिल्याच महिन्यात तिचा डावा कान गेला होता.

मी उजव्या कानाशी वाकून सांगितलं, "ताई, आता सुटता येतं."

पुरुषांच्या बाजूला दाजी बसले होते. ताईनं पदर सारखा केला.

"हळू बोल," ती म्हणाली. "त्यांचं ध्यान हाय इकडं."