अकरा हजार फोटो आणि एक वाकडा बाण

चूक करायला त्यांना चहा निवेल इतकाही वेळ लागला नाही. संगणकाच्या पडद्यावर ‘घर’ नावाचं पिवळं फोल्डर होतं, शेजारी तळहाताएवढी नवीकोरी हार्ड डिस्क जोडलेली होती. त्यांनी माऊसने फोल्डर उचललं, अलगद नेलं आणि डिस्कवर सोडलं. बावीस वर्षांचे अकरा हजार फोटो पापणी लवायच्या आत पलीकडे गेले. दुसरा कुणी असता तर त्याला शंका आली असती. यांना अभिमान वाटला.

“बघ,” आतल्या खोलीकडे मान वळवून ते बायकोला म्हणाले, “नव्या वस्तूचा वेगच वेगळा.”

“झालं सगळं?” तिने आतून विचारलं.

“झालं. आता पडताळून बघतो.”

आणि पडताळलंही. हा माणूस कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा. त्यांनी डिस्क उघडली, ‘घर’वर टिचकी मारली, तर सगळं जिथल्या तिथे. वर्षं, वर्षांत महिने, महिन्यांत फोटो, प्रत्येक फोटोला नाव. तीनदा उघडलं, तीनदा मिटलं. मग डिस्क स्वच्छ रुमालात गुंडाळून कपाटातल्या कागदपत्रांच्या डब्यात ठेवून दिली. त्या पिवळ्या फोल्डरच्या कोपऱ्यात एक चिमुकला वाकडा बाण होता. तो त्यांना वर्षानुवर्षं दिसत होता. नक्षी असेल, असं त्यांचं मत होतं.

ते रुग्णालयात एक्स-रे काढायचे. एकतीस वर्षं एका अंधाऱ्या खोलीत उभं राहून त्यांनी गावाची हाडं बघितली होती. “श्वास घ्या, रोखा, हलू नका,” हे ते दिवसाला ऐंशी वेळा म्हणत, त्यामुळे रुग्णालयात त्यांना सगळे ‘हलूनका’च म्हणायचे. तोंडावर म्हणताना पुढे ‘साहेब’ लावायचे, एवढीच काय ती अदब. त्यांना त्याचं काही वाटत नसे. नोकरीच्या दिवशी माणूस आतून बघायचा आणि सुट्टीच्या दिवशी बाहेरून, अशी त्यांनी आठवड्याची वाटणी करून टाकली होती. सुट्टीला कॅमेरा गळ्यात. मुलीचा पहिला दात, मुलीची पहिली सायकल, सायकलवरून पडल्यावरचा गुडघा. त्या गुडघ्याचा एक्स-रेही काढून ठेवला होता, आयती संधी आली म्हणून. फोटोंना नावं द्यायचे तीही रुग्णालयाच्या शिस्तीत, तारीख, माणूस आणि बाजू. ‘आई, उजवीकडून, खिडकीजवळ.’

“ये ना, बघ कसा आलाय,” ते बायकोला हाक मारायचे.

“आलाय ना? मग पळून कुठे जातोय,” ती शिलाई मशिनवरून मान न उचलता म्हणायची. ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची आणि घरी आल्यावर गल्लीचे कपडे शिवायची. “सवड झाली की बसून सगळे एकदम बघेन.”

बावीस वर्षं सवड झाली नाही. मग झाली, ती डोळ्यांमुळे.

सुईत दोरा ओवता येईना म्हणून दोघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो दिव्यासमोर धरला. मधोमध डाग होता. हलूनकांनी असे डाग आयुष्यभर दुसऱ्यांच्या छातीत बघितले होते आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता पाकिटात घालून दिले होते. डॉक्टर बोलायच्या आत त्यांना कळलं. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. म्हणजे दार दिसेल, पण दारात कोण उभं आहे ते दिसणार नाही. सहा-आठ महिने धरा, डॉक्टर म्हणाले. इंजेक्शन देऊन थोडं लांबवता आलं तर बघू.

दोघं बसने घरी निघाली. उतरल्यावर ती म्हणाली, “अहो, आता ते फोटो काढा बाहेर. नजर आहे तोवर सगळ्यांचे चेहरे एकदा बघून घेते. माझी आई, तुमची आई, पोरगी लहानपणापासून. मग काय व्हायचं ते होऊ दे.”

दोघांच्याही आया जाऊन बरीच वर्षं झाली होती. ‘बघून घेते’ म्हणजे तेवढ्या फोटोंतच बघायचं होतं.

संगणकाचा पडदा तिला पुरणार नव्हता. म्हणून भिंतभर टीव्ही आला, त्याला जोडायला हार्ड डिस्क आली, आणि ती मघाची चूक झाली. दुसऱ्या दिवसापासून तिची इंजेक्शनं सुरू झाली. सहा आठवडे कुठल्याही पडद्याकडे बघायचं नाही, अशी तंबी होती. तेवढ्या काळात रुग्णालयासमोरच्या औषधवाल्याने विचारलं, “साहेब, तुमचा जुना संगणक पडून असला तर बिलांपुरता द्या की.” फोटो तर काढून घेतलेच होते. यांनी स्वतः उचलून नेऊन दिला आणि त्याच्याकडचा चहा पिऊन आले.

सहा आठवडे संपले त्या दुपारी तिने केस विंचरले. टीव्हीच्या एका बाजूला खुर्ची ठेवली, कारण तिला आता जरा तिरकं बघितलं की बरं दिसत होतं. त्यांनी डिस्क लावली. टीव्हीने थोडा विचार केला आणि लिहिलं की यात दाखवण्यासारखं काही नाही.

“लावा की,” ती म्हणाली. ती अक्षरं तिला वाचता येत नव्हती.

“वायर सैल दिसतेय.”

दुसऱ्या दिवशी वायरीचं खापर टीव्हीवर फुटलं. तिसऱ्या दिवशी डिस्क गरम झाली होती.

“डिस्कला ताप आलाय का?” ती म्हणाली. “तुमच्याच रुग्णालयात न्या.”

त्यांनी ती बाजारातल्या संगणक दुरुस्तीवाल्याकडे नेली. एका लाकडी जिन्यावर त्याचं दुकान होतं, खोली अर्धी माणसाची आणि अर्धी वायरींची. त्याने डिस्क जोडली, पडदा यांच्याकडे फिरवला.

“काका, यात एकच फाइल आहे. आणि तीही फोटो नाही. हा कोपऱ्यातला बाण बघितलात? याला शॉर्टकट म्हणतात. पाटी समजा. घर तिकडे आहे, असं सांगणारी पाटी.”

“पण मी उघडून बघितलं होतं. तीनदा.”

“त्याच संगणकावर ना? तिथे पाटी खरं बोलत होती, घर तिथेच होतं. तुम्ही पाटी आणलीत. संगणक कुठाय?”

हलूनका जिना कसा उतरले ते त्यांना नंतर आठवलं नाही. औषधवाल्याच्या दुकानात संगणक काउंटरवर दिमाखात बसला होता आणि खोकल्याच्या औषधाचं बिल छापत होता.

“झकास चालतोय, साहेब,” औषधवाला म्हणाला. “आमच्या माणसाने धुऊन-पुसून अगदी कोरा करून दिला.”

“कोरा म्हणजे?”

“कोरा म्हणजे कोरा. निर्धास्त राहा, तुमचं खाजगी काहीसुद्धा कुणी बघितलेलं नाही.”

रविवारी दुकान बंद होतं, तेव्हा संगणक दुरुस्तीवाल्याकडे गेला. त्याला चार दिवस लागले. अकरा हजारांतले तीनशे चाळीस हाती लागले, तेही कसे, तर फोटोची वरची पट्टी तेवढी आलेली आणि खाली सगळा राखाडी रंग. नावं पुसलेली, नुसते आकडे. हलूनका स्टुलावर बसून एकेक बघत गेले. आभाळ. पडद्याची दांडी. कुणाचं तरी कपाळ, भुवयांपर्यंत. फुग्याचा वरचा अर्धा भाग. पुन्हा आभाळ.

“बाकीच्यांवर तुमच्या औषधवाल्याची बिलं चढलीत,” दुरुस्तीवाला म्हणाला. “त्याला काही करता येत नाही, काका.”

“आमच्याकडे फिल्म अशी आली,” ते पडद्याकडे बघतच म्हणाले, “तर आम्ही पेशंटला पुन्हा बोलावतो.”

“मग बोलवा की,” तो सहज म्हणून गेला. आणि मग बराच वेळ त्याला एक वायर गुंडाळायची होती.

ते घरी आले तेव्हा ती शिलाई मशिनपाशी बसली होती. शिवण बंद होऊन महिने झाले होते, पण बसायची जागा तीच.

“अहो, वायर दोन आठवडे सैल राहते का?”

त्यांनी सांगितलं. पाटीचं सांगितलं, औषधवाल्याचं सांगितलं, राखाडी रंगाचं सांगितलं. रुग्णालयात ते निकाल कधीच सांगत नसत, ते काम डॉक्टरांचं. सवय नव्हती म्हणून सांगताना सगळं उलटसुलट झालं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मशिनचं चाक हाताने एकदा फिरवलं.

“माझ्या आईचा?”

“नाही.”

“एकसुद्धा?”

“एक असावा. केस आलेत. भांगापर्यंत.”

“केस मला आठवतात,” ती म्हणाली. “नाक आठवत नाही.”

मग आली फोटो मागत फिरायची पाळी. परगावी असलेल्या मुलीला फोन केला. तिच्या फोनमध्ये चार वर्षांपलीकडचं काही नव्हतं. “बाबा, मी कशाला ठेवू? तुमच्याकडे होते ना सगळे.” चुलतभाऊ हेच म्हणाला, मेव्हणा हेच म्हणाला, जुना शेजारीही हेच. सगळं गणगोत बावीस वर्षं त्यांच्या भरवशावर निवांत झोपलं होतं. कुणी एक फोटो जपून ठेवला नव्हता आणि त्याचा दोष कुणाला द्यायची सोयही नव्हती.

फक्त धाकट्या बहिणीकडे एक अल्बम निघाला. भाचीच्या पाचव्या वाढदिवसाला बहिणीच्या नवऱ्याने हौसेने कॅमेरा घेऊन चौदा फोटो काढले होते आणि कागदावर छापून आणले होते. तेव्हा हलूनकांनी त्याच्या फोटोग्राफीची यथेच्छ टवाळी केली होती.

“आठ दिवस हं, दादा,” बहीण म्हणाली. “वहिनीला दाखव आणि परत आण. आईचा आमच्याकडेही तेवढाच आहे. तुझ्याकडून वस्तू हरवतात, हे आता सगळ्यांना कळलंय.”

त्यांनी अल्बम पिशवीत घातला. पिशवीला गाठ मारली.

दोन्ही आया एकाच फोटोत होत्या, मागच्या रांगेत, चेहरे डाळीच्या दाण्याएवढे. त्यांनी त्या फोटोचा फोटो काढला आणि टीव्हीवर लावला. तिच्या आईचा चेहरा भिंतभर झाला खरा, पण मोठा होता होता विरघळला. नुसते करडे-तपकिरी ठिपके उरले. ती तिरकी बसून बघत राहिली, मान इकडून तिकडे करत.

“डाग माझ्या डोळ्यात आहे का फोटोत?”

“दोन्हीकडे,” ते म्हणाले.

मग तिने टीव्ही बंद करायला लावला, अल्बम मांडीवर घेतला आणि खिडकीपाशी जाऊन बसली. भिंग घेऊन कडेकडेने बघू लागली. कपडे तिला ओळखता आले. “हा फ्रॉक माझ्या हातचा. गळा वर गेलाय. तेव्हा घाई होती.” पुढच्या फोटोत कोपऱ्यात एक माणूस उभा होता. त्याच्या पुढच्यातही होता, आणि त्याच्या पुढच्यातही, गुडघे वाकवून, तोंडासमोर कॅमेरा धरून.

“हे तुम्ही,” ती म्हणाली. “तुमचं एक बरं झालं. तुमचा चेहरा कधी दिसलाच नव्हता, त्यामुळे गेल्याचं दुःख नाही.”

ते हसले. तिला ते दिसलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

पुढच्या महिन्यात भिंगही उपयोगाचं राहिलं नाही. डॉक्टरांनी इंजेक्शनं थांबवली. खिडकीची चौकट दिसायची, बाहेरच्या तारेची वरची रेघ दिसायची, तेवढंच. तरी ती जेवण झालं की अल्बम मांडीवर घ्यायची.

“कुठलं पान?”

“सातवं.”

“कुठे?” ती बोट कागदावर टेकवायची.

“जरा वर. डावीकडे. हं, तिथे.”

ती बोट तिथेच ठेवायची, पाच मिनिटं, दहा मिनिटं. डोळे खिडकीकडे. त्या बोटाखाली आता फोटोवर एक पुसट तेलकट ठसा उमटला होता, डाळीच्या दाण्याहून मोठा. हलूनकांनी तो एकदा कापडाने पुसून बघितला. ठशाबरोबर थोडा रंगही आला, म्हणून थांबले. तिला सांगितलं नाही.

आठ दिवसांचे दोन महिने झाले. बहिणीचा तिसऱ्यांदा निरोप आला: “दादा, अल्बम. मी येऊ का न्यायला?”

ती खिडकीपाशी बसली होती. बोट सातव्या पानावर होतं आणि जागा थोडी चुकली होती, कुणा दुसऱ्याच बाईच्या खांद्यावर पडलं होतं. त्यांनी उठून ते धरलं, नीट जागेवर नेऊन ठेवलं. मग फोन हातात घेऊन बहिणीला लिहिलं, “नको येऊस. रविवारी आणतो.” मागच्या वेळीही त्यांनी हेच लिहिलं होतं.