न मोजता घेतलेला शब्द

ती घटना आजही आठवली की मला स्वतःचीच लाज वाटते.

कोल्हापुरातल्या एका खाजगी रुग्णालयातून रुग्णांचे अहवाल फुटत होते. लग्न ठरलेल्या एका मुलीचा अहवाल सासरच्यांच्या मोबाईलवर पोचला आणि लग्न मोडलं. तिच्या वडिलांनी आमच्या पोलीस ठाण्यात फिर्याद दिली आणि तपास माझ्याकडे आला. रुग्णालयाचा व्यवस्थापक हळूच म्हणाला, "साहेब, पासवर्ड फक्त नोंदणीच्या बाईंकडं असतोय."

त्या बाई बारा वर्षं तिथं नोकरीला होत्या. व्यवस्थापनानं त्यांना त्याच दिवशी निलंबित केलं. मी नोटीस देऊन दोन दिवस चौकशी केली.

"चहाला उठले तरी मशीन बंद करून जाते मी. कुणाला दिलं म्हणताय? नाव तरी सांगा की!"

नाव माझ्याकडे नव्हतं. तरी त्यांचा ठामपणा मला निर्ढावलेपणा वाटला.

तिसऱ्या दिवशी सायबरची महिला कॉन्स्टेबल लॅपटॉप घेऊन आली. रुग्णालयाच्या परवानगीनं तिनं त्यांच्या सर्व्हरला एक संदेश पाठवला; असा संदेश आला की सर्व्हरनं तो जसाच्या तसा परत पाठवायचा असतो. वर लिहिलं, 'हजार अक्षरं आहेत'. पाठवली दहाच. सर्व्हरनं हजार परत केली! उरलेल्यात परक्यांची नावं, आजार, पासवर्ड.

"हे कुणाचं?"

"आधी येऊन गेलेल्यांचं, सर. त्याच्या मेमरीत पडून होतं. सांगितलं तेवढं खरं मानतोय, आलेलं मोजत न्हाय."

"आणि हे काढायला पासवर्ड?"

"लागतच न्हाय की!"

जबाब संपला की उरलेल्या कोऱ्या जागेवर रेघ मारायची, हे आमच्या ठाण्यात नवख्या शिपायालाही कळतं. इथं तर जुन्या, लिहिलेल्याच कागदावर दोन ओळी खरडून अख्खा कागद अनोळखी माणसाच्या हातात दिला जात होता. इलाज साधा होता: सांगितलेली लांबी आणि आलेला मजकूर जुळला नाही, तर संदेश नाकारायचा. ही दुरुस्ती उपलब्धही झाली होती. पण त्यासाठी सर्व्हर बंद ठेवावा लागेल, ओपीडी थांबेल म्हणून कुणी ती बसवली नव्हती. ओपीडी थांबू नये म्हणून एका बाईची अब्रू पणाला!

सर्व्हरच्या नोंदींवरून आम्ही नवऱ्या मुलाच्या मावसभावापर्यंत पोचलो. त्यानं रुग्णालयात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं.

मी बाईंच्या घरी गेलो. म्हणालो, "ताई, तुम्ही सुटलात."

"सुटले? मी कुठं अडकले होते साहेब? तुम्ही अडकवलं."

एका माणसानं बोट दाखवलं आणि मी ते पारखून न घेता चौकशी सुरू केली. सर्व्हर तर नुसतं यंत्र होतं.