गवतातला शंख

लेकीकडे अमेरिकेच्या दक्षिणेत आले, की मी रोज सकाळी जुन्या दफनभूमीत चक्कर मारते. तिथे ओकच्या झाडांखाली यादवी युद्धातले खलाशी पुरलेले आहेत. गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेल्या दक्षिणेच्या आरमारातले हे लोक. युद्ध हरले, पुढे म्हातारे होऊन आपापल्या अंथरुणात मेले. तरी प्रत्येकाच्या दगडावर जहाजाचा नांगर कोरलेला आहे, आणि कुणीतरी येऊन तो घासूनपुसून ठेवतं.

काल शेजारची रूथ सोबत होती. सत्तरीची, कृष्णवर्णीय, कमी बोलणारी. कुंपणालगतच्या गवतात मला एक पांढरा शंख दिसला. खलाशाच्याच थडग्यावरून घरंगळला असणार, असं वाटून मी तो उचलून जवळच्या दगडावर ठेवला.

"तो त्यांचा नाही," रूथ म्हणाली. तिने शंख उचलला, तळहाताने पुसला आणि होता तिथेच परत ठेवला. "आमच्या गुलाम माणसांना दगड कुठला? समुद्राने आफ्रिकेतून आणलं, समुद्रच घरी नेईल, म्हणून थडग्यावर शंख ठेवायचे."

मग मला ते दिसू लागले. मातीत अर्धे रुतलेले, कुठे नुसती पांढरी कड. नांगरवाले जागच्या जागी होते. हे मात्र अजून न्यायला येणाऱ्या लाटेची वाट बघत होते, आणि मी रोज त्यांच्यावरून चालत होते.

"इथे कोण आहे?" मी हळूच विचारलं.

"नाव नाही माहीत. पण तुम्ही त्याच्या छातीवर उभ्या आहात."

मी पाय उचलला. तो टेकवायचा कुठे, ते मात्र कळेना.