पट्टा लवकर मऊ कसा करायचा

हे मी आजवर तोंडातून बाहेर काढलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळही नाही. तुमच्याजवळ का बोलते आहे, ते मलाच नीट कळत नाही — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी कराटे शिकवते. नसरापूरला, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये, आठवड्यातून चार दिवस. कामथडीच्या मुली सायकलवर येतात. त्यांच्या आया म्हणतात, ताई, तुमच्यामुळं पोरगी धीट झाली. मी हसते. दुसरं काय करणार?

बारा वर्षांपूर्वी मी स्वतः भोरला शिकत होते. सव्वीस वर्षांची होते. क्लासमधली सगळ्यांत जुनी मीच, त्यामुळं सर नसले की सराव मी घ्यायचे. काळ्या पट्ट्याची परीक्षा तीन महिन्यांवर आली होती. सर म्हणाले होते, पास झालीस की नसरापूरची शाखा तुझी. — हो, हीच शाखा.

सारिका हिर्डोशीची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, भोरला मावशीकडं राहायची. शनिवारी गावी जायची; एसटी चुकली तर मिळेल त्या टेम्पोनं आणि उरलेलं चालत. बोलायची कमी. पण लाथ अशी मारायची की समोर पॅड धरलेला माणूस दोन पावलं मागं सरकायचा. तिला तपकिरी पट्टा मिळाला तेव्हा तो सरांनी स्वतः पुण्याहून आणला — जाड, भरगच्च शिलाईचा. बाकी कुणाला त्यांनी असा आणून दिला नव्हता.

असा कोरा पट्टा तुम्ही कधी हातात घेतलाय? पुठ्ठ्यासारखा कडक असतो. कमरेला दोन वेढे घ्यायचे, गाठ मारायची, आणि पाच मिनिटांत गाठ आपोआप सुटते. सगळ्यांचंच होतं ते. आम्ही हसायचो, पुन्हा बांधायचो. सारिकाची गाठ सुटली की सर तिला पुढं बोलवायचे आणि स्वतः बांधून द्यायचे. एकदा, दोनदा — मग रोज. मग सराव संपल्यावरही, बाकीच्या मुली चपला घालत असताना, तिला एकटीला थांबवून.

आठवडाभरानं कपडे बदलायच्या खोलीत ती माझ्याजवळ आली.

“ताई, ह्यो पट्टा लवकर मऊ कसा करायचा?”

“वापरून होतो गं. महिना-दीड महिना लागतो.”

“महिना न्हाई चालायचा.” ती माझ्याकडं बघत नव्हती. “सोमवारच्या आत व्हायला पायजे. माझी गाठ सुटता कामा न्हाई.”

आणखी काय सांगायला हवं होतं तिनं? मला कळलं. सगळं कळलं — तिथंच, त्याच क्षणी. आणि मी काय केलं? मी तिला पट्टा मऊ करायला शिकवलं. घट्ट गुंडाळी करायची, सोडायची, उलट्या बाजूनं पुन्हा करायची. खिडकीच्या गजाला अडकवून दोन्ही हातांनी पुढं-मागं ओढायचा, दोनशे वेळा. कोमट पाण्यात भिजवायचा, पण पिळायचा नाही. सावलीत वाळवायचा. रात्री गादीखाली. मी तिथंच गजाला लावून दाखवला, मग तिनं ओढला. तळवे लाल होईपर्यंत ओढत राहिली. पाण्यात मूठभर मीठ टाक, म्हणजे रंग जायचा नाही — हेसुद्धा सांगितलं मी. इतकी काळजी. पट्ट्याची.

हे सगळं मला इतकं पाठ कसं होतं? कारण त्याच्या सहा वर्षं आधी माझा पट्टा मी चार दिवसांत मऊ केला होता. त्याच सरांमुळं. मलाही तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, का गं, एवढी घाई कशाची? — हे मी सबब म्हणून सांगत नाही. उलट, मला कळलंच नाही असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

सोमवारी तिची गाठ सुटली नाही. तासभर नाही. शेवटी सर पुढं आले, “चुकीची बांधलीस,” म्हणाले, आणि त्यांनीच ती सोडली. सारिकानं त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फुटला. सगळा क्लास बघत होता. मी पहिल्या रांगेत होते. सर म्हणाले, पट्टा दिला तर डोक्यात हवा गेली. तिला काढून टाकलं. मी जागेवरून हलले नाही.

पण मी लपवते आहे ते एवढंच नाही. हे सगळ्यांनी बघितलं होतं. पुढचं कुणी बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील आमच्या घरी आले. हिर्डोशीहून नसरापूरपर्यंत, दोन गाड्या बदलून. खुर्चीच्या कडेवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“पोरगी म्हणती, सरांचा हात वाईट हाय. तिची मावशी म्हणती, पोरगीच उद्धट हाय. तुमी रोज तितं असता, ताई. तुमी सांगाल त्येच खरं धरतो.”

माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस मला ताई म्हणत होता. त्यांच्या चहावर साय धरली. मनात काय चाललं होतं, तेही सांगते — परीक्षा. नसरापूरची शाखा. दुसरं काही नाही.

“तसलं काही नाही, काका,” मी म्हणाले. “तिचा काहीतरी गैरसमज झाला असेल.”

त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांना हेच ऐकायचं होतं का? — नाही. बघा, आत्ताही मी स्वतःला वाचवायला बघते आहे. त्यांना खरं ऐकायचं होतं. म्हणून तर ते एवढ्या लांबून आले होते.

त्याच आठवड्यात सारिकाचं कॉलेज सुटलं. उन्हाळ्यात वेल्ह्याकडं लग्न लावून दिलं. मी परीक्षा पास झाले. काळा पट्टा माझ्या कमरेला सरांनी बांधला आणि मी फोटोसाठी उभी राहिले. पुढं चार वर्षं त्यांनी क्लास चालवला. मधूनच मुली यायच्या बंद व्हायच्या. घरचे म्हणायचे, अभ्यास आहे, पाहुणे बघायला येतायत. मी मान हलवायचे. सर थकले, मुलाकडं राहायला गेले, तेव्हा निरोपाचं भाषण मी केलं. चांगलं झालं, म्हणाले सगळे.

गेल्या हिवाळ्यात वेल्ह्याकडच्या एका शाळेत मुलींना आठवडाभर शिकवायला मला बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी मैदानात एक बाई आली, आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा हात धरून. मी ओळखायच्या आधी तिनं मला ओळखलं होतं.

“हिचं नाव यादीतनं काढा,” ती म्हणाली.

शाळेच्या बाई मध्ये पडल्या. “अगं, मुलींच्या भल्याचंच आहे ना हे?”

“आसंल.” ती माझ्याकडं बघत होती; या वेळी सरळ बघत होती. “ह्यांच्याकडं न्हाई शिकायचं तिनं.”

ती मुलीला घेऊन फाटकातून निघून गेली. शाळेच्या बाईंनी मला विचारलं, “तुम्ही ओळखता का हो तिला?”

“नाही,” मी म्हणाले.

मग यादीतलं ते नाव खोडलं आणि पुढचं नाव पुकारलं.