जगताप सर आणि वैशालीचे फोटो

जगताप सर चुकलेलं गणित खोडत नसत. वहीचं ते पान फाडून आमच्याच हातात देत आणि म्हणत, "जा, बाहेर टाकून ये. चूक वहीत ठेवली की पुन्हा व्हती." चौसाळ्याच्या शाळेत अशी कितीतरी पानं मी टाकून आलो. दहावीनंतर वडील मला कामाला लावणार होते, तेव्हा सर भीमनगरातल्या आमच्या पत्र्याच्या घरी स्वतः आले. "याची शाळा सोडवली तर गाठ माझ्याशी हाय," एवढंच बोलून गेले. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्या धमकीमुळे. हे मी विसरणार नाही.

निवृत्तीनंतर सरांनी घरी संगणक घेतला. तो आणि त्यांच्या पत्नीचा, काकूंचा, मोबाईल मीच एका खात्याला जोडून दिला. इकडचा फोटो तिकडं आपोआप दिसतो, याचं काकूंना फार अप्रूप.

मागच्या वर्षी सरांच्या मुलीनं, वैशालीनं, संदीपशी लग्न केलं. संदीप भीमनगरातलाच, माझ्या वर्गातला. सरांनी तिच्याशी भेटणं-बोलणं तोडलं आणि काकूंनाही तोडायला लावलं. काकूंकडं उरले ते फोटो. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. "बाळा, वैशूचे फोटू कमी व्हायलेत रे. रोज चार-पाच जायलेत. मोबाईलला काय रोग लागलाय, बघून जा की."

रविवारी गेलो. काकू चहा टाकायला आत गेल्या. मी खातं तपासलं, जागा तपासली, बिघाड कुठंच नव्हता. संगणकावरून कुणीतरी फोटो पुसत होतं, म्हणून ते मोबाईलमधूनही जात होते. कचरापेटी उघडली तर पुसलेली सगळी वैशाली तिथं होती. गणवेशातली, नारायणगडाच्या जत्रेतली, हातात पदवी धरलेली. अजून काही दिवस ते परत आणता आले असते.

"मीच पुसतो," मागून सर म्हणाले. "सकाळचा चहा झाला की पाच. एकदम पुसले असते तर तुझ्या काकूनं रडून घर डोक्यावर घेतलं असतं."

"सर, संदीपही तुमच्याच हाताखाली शिकला."

"शिकवणं येगळं, सोयरीक येगळी. तुला मी कधी कमी लेखलं का?"

त्यांनी मला कधीच कमी लेखलं नव्हतं. मी मान हलवली.

"मग ती कचरापेटी कायमची रिकामी कर. मला ते जमंना. अन् राहिलेले बी काढ."

त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. राहिलेले फोटोही मी कचरापेटीत टाकले. पडद्यावर प्रश्न आला, नक्की पुसायचे का. मी होय दाबलं.

काकू चहा घेऊन आल्या. "सापडला का रे रोग?"

मी सरांकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"काकू, ते फोटो खराब झालेत. परत येत नाहीत आता."

काकूंनी मोबाईल उचलला. "चौकातल्या मोबाईलवाल्याला दाखवावं म्हणत होते. पण तू एवढा शिकलेला. तूच न्हाई म्हणतूस तर कशाला कुणाला दाखवायचं?" त्यांनी मोबाईल बंद करून कपाटात ठेवला.

"चहा घे, गार व्हायलाय," सर म्हणाले, आणि स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून त्यांनी माझ्यापुढं सरकवला.