चहा करणारा पाहुणा

परवा नंदुरबारच्या रस्त्यावर वाळत घातलेल्या लाल मिरच्यांचा झणका नाकात गेला आणि आजी आठवली. मला पाहायला पाहुणे आले, त्या दिवशी ब्राह्मणपुरीच्या आमच्या अंगणात अशाच मिरच्या पसरल्या होत्या, आणि मुलासकट सगळे शिंकतच घरात शिरले. मी तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. मुलाच्या आईने विचारलं, "सयपाक येस ना? लगीन व्हयनं का नोकरीनं काही काम नही." वडील मान खाली घालून बसले. पण दाराशी लसूण सोलत बसलेली आजी म्हणाली, "मन्ही नातले समदं येस. तुमना पोऱ्याले काय येस?" मुलगा हळूच म्हणाला, "चहा येस." "मंग करी दाखाड," आजी म्हणाली. तो खरोखरच उठला, साखर शोधताना दोनदा मिठाचा डबा उघडला आणि सहा कप चहा घेऊन आला. आजीने बशीत ओतून एक घोट घेतला. "चहा पांचट शे, पन पोऱ्या चांगला शे. मन्ही नात नोकरी करी, हाई कबूल व्हई तं बोला." त्याच्या आईने तोंड उघडायच्या आत मुलगाच म्हणाला, "कबूल." आजीला जाऊन आता चार वर्षं झाली. आपल्या मुलीच्या वेळी पाहुण्यांना असं कोण विचारणार, असं मी काल नवऱ्याला म्हटलं. तो हसून म्हणाला, "मी इचारसू ना!"