उलटा ब्लाऊज

बंगळूरच्या चिकपेटात आमच्या गल्लीत बायका म्हणायच्या, या शिंप्याला टेप लागत नाही, नुसता बघून माप सांगतो. आणि त्याच डोळ्यांना आपल्या बायकोचा डावा हात अंगापासून वीतभर लांब राहतोय, हे वर्षभर दिसलं नाही.

मी काही शिकलेला माणूस नाही. दुसरीपर्यंत शाळेत गेलो, तेही मास्तरांची उसवलेली पॅन्ट बापाकडं आणून द्यायला कुणीतरी पाहिजे म्हणून. पण बोलायला मला कधी शाळा लागली नाही. दुकान बोलण्यावर चालायचं, शिवण्यावर स्वल्प.

नव्वद सालानंतरची गोष्ट, नक्की वर्ष विचारू नका. बायकोच्या डाव्या छातीत गाठ निघाली. दवाखान्यात नेलं. त्यांनी ती सगळी बाजूच काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. टाके सुकले, डॉक्टर म्हणाले, जखम छान भरली. मी चामराजपेटात आमच्या चाळीत पेढे वाटले. माझ्या लेखी काम झालं होतं. टीप मारली, दोरा तोडला, घडी घातली.

तिचं झालं नव्हतं. काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला आग व्हायची तिला, मिरची वाटून लावल्यासारखी. मधेच कळ यायची, की हातातलं भांडं सुटायचं. आणि जी छाती काढून टाकली, तीच ठसठसायची. साधा पदर घासला तरी डोळ्यांत पाणी. पुन्हा दाखवायला गेलो तर जखम बघून म्हणाले, सगळं ठीक आहे. मग मीही तेच म्हणायला लागलो.

नुसतं म्हणून थांबलो असतो तर बरं. मी दुकानात गोष्ट तयार केली. "लोकांच्या घरी जे आहे ते दुखतं. आमच्या घरी जे नाही ते दुखतं." बायका हसायच्या, मी मशीन हाणायचो. दिवसातून चारदा तरी सांगत असेन.

त्यातच ती ब्लाऊज उलटा घालायला लागली. शिलाया सगळ्या बाहेर.

"अगं, शिंप्याची बायको तू! लोक मला जोड्यानं मारतील."

"मारू देत. पदर घेते की वरून."

मला वाटलं, आजारानं डोकं हललं हिचं.

मग राजाजीनगरला तिच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. मी चार दिवस खपून रेशमी ब्लाऊज शिवला. डाव्या बाजूला कापूस भरला, कुणाला काही कळू नये म्हणून. तिनं तो घातला, पाच मिनिटांत पांढरीफटक पडली आणि काढून ठेवला. जुना सुती ब्लाऊज उलटा घालून निघाली. मी बसमध्ये तिच्याशी बोललो नाही. माझे चार दिवस गेले होते ना!

लग्नात तिच्या वहिनीनं ओटी भरायला घेतली. पदर सरकला.

"अगंबाई, ब्लाऊज उलटा घातलास की!"

सगळ्या वळून बघायला लागल्या. तिनं माझ्याकडं बघितलं. आयुष्यात एकदाच गप्प बसायची वेळ होती. मी म्हणालो, "वहिनी, आमची शिलाई लोकांना दिसायला नको? चालतीबोलती जाहिरात आहे ती!"

मांडव हसला. तीही हसली. घाईनं पदर ओढताना हात काखेला लागला आणि तिनं खालचा ओठ दातात धरला. मी ते बघितलं. बघून आणखी एक विनोद केला, कारण पहिल्याला हशा चांगला पडला होता.

आठ दिवसांनी एक अक्का ब्लाऊज न्यायला आली. जुनं गिऱ्हाईक, दवाखान्यात नर्स. तिलाही मी 'नाही ते दुखतं' ऐकवलं. ती हसली नाही. कन्नडात म्हणाली, "अण्णा, काखेतून कापताना नस तुटते. जखम भरते, नस भरत नाही. नुसता धागा घासला तरी भाजल्यासारखं होतं. वॉर्डात अशा कितीतरी बायका रडताना बघितल्यात मी." पैसे ठेवले आणि गेली.

भर दुपारी मी शटर ओढलं. घरी दोरीवरचा बायकोचा ब्लाऊज घेतला आणि काखेत बोट फिरवलं. बाही आणि बाजू जुळते तिथं चार पदर एकावर एक. त्यात पुढं अंग सुटलं तर उसवून मोठा करता यावा म्हणून मी आत जादा कापड सोडायचो. त्याबद्दल माझं नाव होतं. आणि हा तर घरचा ब्लाऊज, म्हणून टीपही दुहेरी घातलेली. सुतळीसारखी जाड गाठ, बरोबर तिच्या आगीवर.

"कुठं लागतं तुला?" मी विचारलं.

तिनं असं बघितलं, जसं मी तमिळमध्ये बोललो. मग बोट हवेतच धरून, अंगाला न लावता, दाखवायला लागली. मी खडू घेऊन माझ्याच दंडावर आखत गेलो. ती म्हणत गेली, "तिथं नाही. स्वल्प खाली. अजून आत." कोपरापर्यंत हात पांढरा झाला माझा.

माझं जुनं, मऊ झालेलं धोतर फाडून मी ब्लाऊज शिवला. काखेत जोडच नाही. बाकी सगळ्या शिलाया बाहेरून, बाही ढगळ. गल्लीतल्या कुठल्याही शिंप्यानं त्याला पिशवी म्हटलं असतं. तिनं घातला, दोनदा हात वरखाली केला. मी बक्षीस मिळणार असल्यासारखा समोर उभा.

"बरं वाटतंय ना आता?"

"टोचत नाही. आग आहे तशीच आहे."

"मग आणखी काय करू मी?"

"दुकानात माझ्यावर हसवणं बंद करा," ती म्हणाली. "ब्लाऊजचं माझं मी भागवलं होतं."